शेऱ्याचा रकाना

५ जानेवारी

पैसे पाठवले. बँकेने फोनवरचं ॲप बदललंय — आता शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे सरकूच देत नाही. आजवर तो रकाना मी कोरा सोडायचो. टिंब टाकून पाहिलं, ऐकेना. शब्दच हवा म्हणे. मग लिहिलं — पोटगी. शब्द काही गोड नाही, पण कोर्टाच्या कागदावर तोच आहे.

मुलगी एकोणीस मेला अठरा पूर्ण करते. कागद तिथे संपतो. म्हणजे राहिले चार महिने. हे आज मोजलं आणि मोजून बरं वाटलं नाही. नऊ-दहा महिने ती माझ्याशी बोललेली नाही. पाच तारखेला तिच्या आईच्या फोनवर माझं नाव उमटतं, तेवढाच त्या घराशी संबंध. मेनंतर तोही नाही.

९ जानेवारी

वकीलबाईंचा फोन. ही वही लिहायची सवय त्यांनीच लावलेली. "तारीखवार टिपून ठेवा, उद्या उपयोगी पडेल." कोर्टात कधीच उपयोगी पडली नाही, पण खोड लागली ती लागली. आज म्हणाल्या, "मेमध्ये तुम्ही सुटलात. हवं तर तसं पत्र करून ठेवते."

म्हटलं, बघतो.

"त्यात बघायचं काय?"

माझ्या दुकानाशेजारच्या किल्लीवाल्याला सांगितलं तर तोही तेच — "सुटलास लेका! पार्टी दे." याचा थोरला तिशीला आला तरी बापाच्या खिशातून पेट्रोल भरतो. आणि हा मला सुटका शिकवतोय.

१७ जानेवारी

कुणा साहेबांच्या निवृत्तीची पितळी पाटी कोरली. ऑफिसने लिहून दिलं होतं, "प्रदीर्घ सेवेबदल". मी न विचारता 'बद्दल' केलं. पाटी न्यायला आलेल्या बाई चार वेळा आभार मानून गेल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळे अब्रू वाचली."

न विचारता दुरुस्त करायची माझी जुनी खोड. कधी आभार मिळतात. कधी काय मिळतं ते आज लिहायचं नाही.

२ फेब्रुवारी

दाढ ठणकतेय. दुकान अर्धा दिवस बंद.

५ फेब्रुवारी

पैसे पाठवले. गाल सुजलाय. कुणाशी बोलायचं नाही हे एका अर्थी बरंच.

६ फेब्रुवारी

सकाळी तिच्या आईचा मेसेज — "पोटची? नऊ महिने पोटात कुणी ठेवली होती?"

मला आधी काही कळेना. मग ॲप उघडून कालची नोंद काढली. पोटची! मी पोटगीच लिहायला घेतलं होतं. फोनने परस्पर शब्द सुचवला आणि मी दाढेच्या नादात त्यावर बोट ठेवलं. तीस वर्षं पितळेवर अक्षरं कोरतोय. एका मात्रेसाठी अख्खी पाटी फेकून दिलीय. आणि इथे 'गी'ची 'ची' झाली तरी पत्ता नाही.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारबाबा सांगायचे — पाटी देण्याआधी शेवटून वाच. सुलट वाचलं की डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, उलट वाचलं की जे आहे ते दिसतं. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पाटीला हे करतो. स्वतःच्या शब्दाला नाही केलं.

उत्तर पाठवलं — चूक झाली, फोनने केली.

तिचं उत्तर — "फोनला बरं कळतं."

टोमणा होता की काय होतं, देव जाणे. बारा वर्षं संसार करूनही तिचे टोमणे मला नीट ओळखता आले नाहीत. वेगळं होण्याची अर्धी कारणं त्यातच असतील.

५ मार्च

पाठवले. पोटगी. गी, ट, पो. तीनदा तपासलं.

१२ मार्च

शाळेचा कारकून चषकांची खोकी घेऊन आला. दरवर्षी याच सुमारास येतो. नावांची टाइप केलेली यादी, खाली शिक्का. जाताना फळीकडे बघून म्हणाला, "तो अजून तुमच्याकडेच?"

तो म्हणजे तिचा चषक. पोहण्याचा, पहिला क्रमांक. लिहूनच टाकतो आता.

मागच्या खेपेला आलेल्या यादीत तिचं नाव होतं, पुढे तिच्या आईचं आडनाव. माझं नव्हतं. मी माझं कोरलं. बक्षीस समारंभात बाईंनी चषकावरचं वाचलं तसं मोठ्याने पुकारलं. ती उठलीच नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मग व्यासपीठावर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे माझं नाव नाही." चषक टेबलावर ठेवला आणि उतरली. मी पाचव्या रांगेत होतो. टाळ्या वाजवायला हात वर केलेले तसेच राहिले.

तेव्हापासून अबोला. चार दिवसांनी कारकून चषक परत घेऊन आला — "न्यायला कुणी आलंच नाही."

सगळ्यांना सांगत आलो की मला यादीत चूक वाटली. वकीलबाईंना, किल्लीवाल्याला, तिच्या आईलाही. या वहीतही तेच लिहिलंय, मागची पानं काढून पाहिली. खोटं आहे ते. यादी वाचली तेव्हाच मला सगळं नीट कळलं होतं. मला राग आला होता. हातात हत्यार होतं, समोर पितळ होतं, आणि अडवायला कुणी नव्हतं. जी गोष्ट तिने विचार करून ठरवली ती मी दुपारच्या दहा मिनिटांत खोडली.

१३ मार्च

कालचं वाचलं. पान फाडणार होतो. नाही फाडलं.

२१ मार्च

शाळेचे सगळे चषक झाले. एकूण एक नाव यादीबरहुकूम. एका मुलाच्या नावात उघड चूक दिसत होती, तरी आधी कारकुनाला फोन केला. तो म्हणाला, "चूक नाही, त्याच्या घरी असंच लिहितात." घ्या! तीस वर्षांत अशा किती नावांची मी वाट लावली असेल?

५ एप्रिल

पोटगी.

८ एप्रिल

तिची आई जिथे काम करते त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेलो. तिच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसलो. डोळ्यांखाली काळं आलंय. दोन पाळ्या करते म्हणे — पोरीला बाहेरगावी फिजिओथेरपीला जायचंय, फी भरायची आहे.

मी म्हटलं, "कागद मेमध्ये संपतो. मी थांबणार नाही. तिचं शिक्षण होईपर्यंत देईन."

तिला आश्चर्य वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, दाखवलं नाही. म्हणाली, "मला नको देऊस. अठरानंतर ती तिची मुखत्यार. तिचं खातं आहे, तिला दे."

"खात्याचा नंबर?"

"तो तीच देईल. दिला तर."

मग म्हणाली, "खोटी आशा लावत नाही. मागच्या आठवड्यात विषय निघाला तेव्हा म्हणाली — तलावावर पोहायला शिकवून फी काढीन, पण त्यांचे पैसे नकोत."

त्यांचे. पूर्वी मला अरे-तुरे करायची. हट्टाला पेटली की, "ए बाबा, ऐक ना!" आता त्यांचे. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता आणि इतका नकोसाही झाला नव्हता.

निघताना तिची आई उगाच म्हणाली, "बँकेचे मेसेज तीच वाचते हं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"फेब्रुवारीचापण?"

"तोपण. मोठ्याने वाचला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. फोन ठेवला आणि आत गेली. तुला मेसेज मी केला, ती नाही."

झालं! म्हणजे बापाला तिचं आडनाव नीट लिहिता येत नाही आणि पोटगीही नीट लिहिता येत नाही, एवढं तिला पक्कं कळलं असणार.

११ एप्रिल

चषक फळीवरून उतरवला. पुसला. जुनी पट्टी काढायला त्रास झाला — मीच चिकटवलेली, चांगलीच चिकटवलेली. नवी पट्टी कापली. मशीनवर नाही, हाताने कोरायची ठरवलं.

आधी तिचं नाव. त्या नावाला हात सरावलेला आहे. तिच्या पहिल्या सायकलवर, कंपासपेटीवर, पाण्याच्या बाटलीवर कोरलंय. मग तिच्या आईचं आडनाव. चार अक्षरं. रेघ कुठे चुकली नाही. दुखलं मात्र. इथे कोण बघतंय — स्पष्टच लिहितो, फार दुखलं. दुसऱ्या अक्षरापाशी उठून पाणी प्यायलो.

मग शेवटून वाचलं. आडनाव उलटं, नाव उलटं. अक्षर न् अक्षर बरोबर. आणि खरं सांगायचं तर पट्टीवर ते नाव दिसायलाही वाईट नाही. तिचं आहे, तिचंच दिसतं.

जुनी पट्टी मोडीच्या डब्यात टाकली.

१४ एप्रिल

कापडी पिशवीतून चषक तिच्या आईला नेऊन दिला. तिने तिथेच पिशवीत डोकावून पट्टी वाचली. चष्मा लावून वाचली.

"तिला काय सांगू?"

"काही नको."

"तुझं काय जातंय रे एकदा सॉरी म्हणायला?"

"म्हणेन. ती फोन उचलेल तेव्हा."

माझा नंबर तिने बंद करून ठेवलाय, हे दोघांनाही माहीत आहे.

२२ एप्रिल

काही कळलं नाही. विचारलंही नाही.

३० एप्रिल

किल्लीवाला म्हणतो, "पोरं परत येतात रे, भूक लागली की." त्याला म्हटलं, माझी पोहणारी आहे, दम धरून राहायची सवय आहे तिला. तो हसला. मला तेवढं हसू आलं नाही.

२ मे

तिच्या आईचा मेसेज — "चषक तिच्या टेबलावर आहे. तिथे कुणी ठेवला ते विचारू नकोस."

म्हणजे आईनेच ठेवला असणार. तिने ठेवला असता तर असं कशाला लिहिलं असतं? पण तिने ठेवला असेल आणि कुणाला सांगू नको म्हणाली असेल, तरी मेसेज असाच आला असता. दुपारभर यावर डोकं चालवलं. दोन की-चेन बिघडवल्या.

५ मे

पैसे पाठवले. कोर्टाच्या कागदाप्रमाणे हे शेवटचे. शेऱ्याच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. खूप काही लिहावंसं वाटलं. सॉरी लिहून पुसलं — सॉरी काय पैशांच्या पाठीवर बसवून पाठवायचं? शेवटी पोटगीच लिहिलं. तपासलं.

१९ मे

ती आज अठरा वर्षांची झाली.

शुभेच्छा कुणाला देणार? वहीला देतो.

जन्मली तेव्हा नर्सने तिच्या मनगटावर नावाची चिठ्ठी बांधली होती. नाव ठरलं नव्हतं, म्हणून चिठ्ठीवर फक्त आईचं नाव आणि 'मुलगी' एवढंच. त्यावर मी नर्सशी भांडलो होतो — बापाचं कुठंय? हे आज आठवलं. म्हणजे सुरुवात तेव्हापासूनच आहे म्हणायची.

२३ मे

वकीलबाईंचं पत्र. "आपली जबाबदारी या तारखेपासून संपुष्टात आली आहे." चार ओळी, दोन शिक्के. व्याकरण बिनचूक. खणात टाकलं. संध्याकाळी किल्लीवाल्याने पुन्हा पार्टीची आठवण केली. त्याला कॉफी पाजली आणि म्हटलं, हीच पार्टी. वाचून दाखव म्हणाला, नाही दाखवलं.

२९ मे

तिच्या प्रवेशाचं झालं, असं कळलं. जूनच्या मध्यावर जाणार. बाहेरगावी, वसतिगृहात. फीचा पहिला हप्ता आईने कुठूनतरी उभा केला. मी विचारलं, मी भरू का? म्हणाली, "नंबर आला का तुझ्याकडे?"

नाही आला.

"मग मी काय करू?"

तिचं बरोबर आहे. या सगळ्यात तिचंच बहुतेक वेळा बरोबर होतं, हे लिहायला मला एक कोर्ट, दोन वकील आणि एक पितळी पट्टी लागली.

५ जून

सवयीने ॲप उघडलं. पैसे बाजूला काढलेले आहेत. पाठवायचे कुठे? बंद केलं.

दिवसभर दारांच्या पाट्या होत्या, एका नव्या इमारतीच्या. नावं, आडनावं. एका दारावर दोन वेगवेगळी आडनावं हवी होती, एकाखाली एक, सारख्या आकारात. कोरली. छान दिसली.

७ जून

सकाळी अनोळखी नंबरावरून मेसेज. खात्याचा नंबर. खाली तिचं नाव, आईचं आडनाव. त्याखाली एक ओळ —

"शेऱ्यात पोटगी लिहू नकोस बाबा. फेब्रुवारीत चुकून लिहिलं होतंस ते लिही."

लिहिलं. पाठवण्याआधी शेवटून वाचलं. ची. ट. पो.

बरोबर आहे.