काट्यावरचा कंप्युटर आणि दादाचा जामीन

३ जुलै
परत तेच. आय म्हणते, भाऊ हाय तुझा, वकिलाचे पंधरा हजार पाठव. कशाला पाठवू? खाचराचं पाणी वळवलं म्हणून दादाने चुलत्याच्या डोक्यात फावडं घातलं, ते मला विचारून? हाच दादा मी शाळा सोडली तेव्हा बैलाच्या दाव्याने झोडत होता मला, सगळ्या टोकावडे गावासमोर. राहू दे आत. एक रुपया नाय.

इथं राजस्थानात दगडखाणीच्या शेठने वजनकाट्याचा कंप्युटर माझ्या गळ्यात मारलाय. दगडाच्या गाड्यांची सगळी वजनं त्यात, आणि डेटाबेस उघडत नाय. मशीन एवढी जुनी की तयार सॉफ्टवेअर चालत नाय, कोड आणून तिच्यावरच बनवायचं. माझी आठवी. शहापूरला पक्याच्या दुकानात लिनक्स टाकायला शिकलो, तेवढंच. चालू केलंस तर पंधरा हजार उचल, म्हणाला शेठ.

५ जुलै
कोडाचं सॉफ्टवेअर बनवणारा कंपायलर मधेच मरतो. 'किल्ड' लिहितो नि गप. पक्या फोनवर : "मेमरी अर्धा जीबी, नि चार कामं एकदम लावलीस? एकेक कर रे येड्या." एकेक लावलं. चालला, पण रडत. संध्याकाळी शेठने दिवाबत्ती केली नि मेन स्विच खाली पाडला. रोजची रीत, मागे आग लागलेली म्हणून. राहिलेलं उद्या.

६ जुलै
कसलं राहिलेलं. परत पहिल्या फाइलपासून. मशीन म्हणते, फाइलची वेळ आत्ताच्या पुढची हाय. शेठचा भाचा बंटी दारात उभा. "ए महाराष्ट्र, इतनी देर में तो भैंस ब्या जाती." दात मोजून ठेवले त्याचे.

७ जुलै
आज पण पहिल्यापासून. मशीनची तारीख बघितली, वीस वर्षं मागची. बंटीशिवाय इथं बसतो कोण? त्यानेच फिरवली असणार. विचारलं. हसला. कीबोर्ड उचलून तोंडावर घातला. बटणं उडाली, दोन दात पण. खाली पाडून अजून एक घातला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग दोन ड्रायव्हरांनी मला धरलं नि शेठने पट्टा काढला. डावा कान वाजतोय. काट्याच्या खोलीला बाहेरून कडी. शेठ म्हणाला, "घर पे फोन लगा, कौन आता है छुड़ाने, देखते हैं."
कोणाला लावू. आला असता तो दादा. आधी मला हाणला असता, मग ह्यांना.

८ जुलै
पक्याला सांगितलं. म्हणतो, बोर्डावरचा घड्याळाचा सेल मेलाय. मेन पाडला की मशीन तारीख विसरते, मग केलेलं सगळं परत करत बसते. "पोराला कशाला मारलास?"
शेठने सेल नि दुसरा कीबोर्ड खिडकीतून दिला. कडी तशीच. तारीख टाकली. मेन पाडू नका म्हटलं. नाय पाडला.

१० जुलै
सॉफ्टवेअर बनलं. जुनी वजनं दिसली. शेठने पंधरा मोजले, त्यातले साडेसहा बंटीच्या दातांचे परत घेतले. बंटी समोर, तोंडाला फडकं. कडी काढली. बाहेर, मला धरलेल्यातला एक ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "आज बाहर मत सोना, बंटी छोड़ेगा नहीं."

आयला फोन. म्हणते, भाताचं आवण पिवळं पडतंय, खाचरात लावायला दादा नाय.
"त्याला सांगू, तू पाठवलेस?"
"नको सांगू. वकिलाला म्हण, एवढ्यात जमतंय का बघ."

आठ हजार पाचशे पाठवतोय.