तुमच्या नावाचा मुलगा सापडला आहे

तीर्थरूप थोरले काका यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार बसूनच घातलाय असं समजावं. बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत मी, खुर्ची, माईक आणि पाण्याची बाटली एवढे मावलो की आठ अंगं टेकायला जागा उरत नाही.) तुमचा खोकला थांबला असेल, काकूंचे गुडघे जिना चढू देत असतील आणि शिलाईचं दुकान जोरात चालत असेल अशी आशा करतो. दुकानावर नवी पाटी लागली म्हणे, आतून दिवे लागणारी. मी ती अजून पाहिलेली नाही. हिनं पाहिली आहे, पण ते नंतर. आमच्याकडे सगळं ठीक. हिला आठवा महिना सरत आलाय, पाय सुजतात, तरी मुलांच्या दवाखान्यातली ड्युटी सोडायला तयार नाही, आणि मी काही बोललो की दवाखान्यातल्या आवाजात मलाच बाकावर बसायला सांगते.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात की घराण्यातलं नाव पणजोबांपासून चालत चालत तुमच्यापाशी येऊन थांबलंय, तुम्हाला मूलबाळ नाही, तर आता ते आमच्या बाळाला द्यावं. तुमचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. (त्या वेळी माझा आवाज दाटून आला असं तुम्ही घरी सांगितलंत. तोंडात टूथपेस्ट होती. पण भावना तीच.) हो म्हणायला मला काहीच जड गेलं नाही, कारण तुमचं नाव म्हणजे काही ऐरंगैरं नाव नव्हे. मोठ्यांचं नाव मी कागदावर लिहीत नाही, आणि तुमचंच नाव तुम्हाला काय कळवायचं, पण विचार करा. बँकेच्या भिंतीवरच्या नमुना अर्जात तेच नाव. पहिलीच्या पुस्तकात दप्तर घेऊन शाळेला निघतो तो तोच, आणि विनोदात बायकोला घाबरून पलंगाखाली शिरतो तोही तोच. परदेशी सिनेमात आपल्याकडचा माणूस दाखवायचा झाला की एकाला झुपकेदार मिशा चिकटवतात आणि बिनदिक्कत तुमचं नाव देतात. जगाच्या हिशेबानं आपण सगळे तुम्हीच आहोत. म्हणून मी हिला मोठ्या रुबाबात सांगितलं की हे नाव ठेवलं तर पोराला कुठेही परकं वाटणार नाही, गर्दीत हाक मारली तर दहा माना वळतील.

ही हसली. तुम्ही हिचं हसणं फारसं ऐकलेलं नाही. ते वाईट नसतं, पण त्यानंतर जे येतं ते असतं. हिचं म्हणणं असं की लग्नाच्या आधीपासून ती दवाखान्यात केसपेपर बघून मुलांची नावं पुकारतेय. तिनं ताऱ्यांची नावं पुकारलीत, नद्यांची पुकारलीत, अत्तराची पुकारलीत, आणि दोन नावं तर मोटारींची होती अशी तिला दाट शंका आहे. तुमचं नाव एकदासुद्धा नाही. ते नाव पुकारतात समोरच्या इमारतीत, मोतीबिंदूच्या विभागात. तेव्हा तिनं अट घातली. या गावात दहा वर्षांच्या आतलं एक तरी पोर दाखव, ज्याला या नावानं हाक मारली की ते वळेल. दाखवलंस तर बाळाचं नाव तेच. नाहीतर मी सुचवेन ते, आणि काकांना फोन तू करायचा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी फाटकापाशी उभा राहिलो आणि बारीक आवाजात तुमचं नाव घेऊ लागलो. शेकड्यांनी पोरं गेली, एकानं मागे बघितलं नाही. वळला तो शाळेचा रखवालदार. त्याचंच ते नाव निघालं. बिचाऱ्याला इतका आनंद झाला की त्यानं माझा हात हातात घेऊन कुठं भेटलो होतो आपण, असं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण भेटलेलोच नाही, आणि फाटकापाशी पोरांना हाका मारत उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसांना हुसकावणं हे त्याचंच काम आहे. त्यानं ते चोख केलं. पुढे मी लाँड्रीत विचारलं (लाँड्रीचं नाव तुमचंच, मालकाचं दुसरंच), खिळे-मोळे विकणाऱ्याकडे विचारलं (दुकानावर तुमचं नाव 'आणि सन्स', पण सन्सची नावं ऐकून मला घाम फुटला), आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आमच्याकडे आहे की, असं म्हणून जो पुढे आणला त्याला शेपटी होती. वय दहाच्या आत होतं. हाक मारली की वळतही होता. हिला सांगून बघितलं. तिनं मला बाकावर बसायला सांगितलं.

मग मला माईक सुचला. आता हा माईक काही गमतीसाठी नसतो. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणाची छत्री राहिली आणि कोणाचं मूल सापडलं, एवढ्यासाठीच तो सुरू करायचा. माझ्याकडे छत्री नव्हती, म्हणून मी मूल घेतलं. सुट्टीचा दिवस, स्थानकात पाय ठेवायला जागा नाही. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं की तुमच्या नावाचा मुलगा सापडला आहे, पालकांनी चौकशी खिडकीशी यावं. वर्णन द्यावंच लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, म्हणून निळा सदरा आणि पुढचा एक दात पडलेला, असं ठोकून दिलं. माझा सरळ हिशेब असा, की या नावाचं मूल स्थानकात असलं तर ते चमकून वळेल, किंवा त्याची आई त्याचा दंड धरून म्हणेल, अरे, हा तर इथेच आहे. मी काचेतून बघणार, पत्ता विचारणार, हिला दाखवणार, संपलं.

काका, म्हातारे आले. आधी एक आला, काठी टेकत, मग दोघं, मग फलाटांवरून, उपाहारगृहातून, पुरुषांच्या मुतारीतून, सगळीकडून यायला लागले. कोणाला 'सापडला' ऐकू आलं नव्हतं, कोणाला 'मुलगा' ऐकू आलं नव्हतं, पण आपलं नाव मात्र एकूण एकाला ऐकू आलं होतं. एक निवृत्त पोस्टमन, एक दात काढणारा डॉक्टर (त्याचेही पुढचे दात पडलेले, त्यामुळे वर्णन जुळतंय असं त्याचं म्हणणं), आणि ज्यांना आम्ही सगळे आजवर नुसतं दादा म्हणत आलो ते आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. इतकी वर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लं, पण त्यांचं नाव विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. सगळे खिडकीशी गर्दी करून मीच तो, मीच तो म्हणू लागले. तेवढ्यात एकानं दुसऱ्याला त्याचं नाव विचारलं आणि मग जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. एकमेकांच्या पाठीवर थापा काय, मिठ्या काय. मागे कोणीतरी ते नाव घेतलं की सगळे एकदम वळायचे आणि हसायचे, आणि परत कोणीतरी मुद्दाम घ्यायचं.

आणि त्या गर्दीच्या मागे आमचे साहेब उभे होते. साहेब दोन आद्याक्षरांत सही करतात आणि केबिनबाहेर फक्त आग लागली तर येतात. आता माईकच्या गैरवापरावर काय ऐकायचं, नोकरी राहते की जाते, असं मनात चाललेलं असताना ते खिडकीशी आले आणि हळूच विचारलं, "कोणी पुकारलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "आई गेल्यापासून या नावानं कोणी बोलावलं नाही हो." एवढंच बोलून ते म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. काका, मला भरून आलं, आणि या वेळी तोंडात टूथपेस्ट नव्हती.

पण खरी फजिती अजून व्हायचीच होती. गर्दी फोडून एक परदेशी जोडपं धावत आलं. बाईंचे डोळे पाण्यानं भरलेले, नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या. ही मंडळी आपली भाषा पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे बाई म्हणाल्या, "महोदय, आमचा पुत्र कोठे आहे? सदरा पिवळा आहे, परंतु दात तोच!" त्यांना वाटत होतं पोरगा मागून येतोय. माझी घोषणा ऐकून मागे बघतात तर मागे कोणी नाही. म्हणजे बघा, मी नसलेलं मूल सापडल्याचं सांगितलं आणि असलेलं मूल हरवलं. बाई हात पुढे करून आपला मुलगा मागतायत आणि माझ्याकडे देण्यासारखे नुसते म्हातारे. खोटं बोललो म्हणून सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. शेवटी साहेबांनीच सूत्रं हातात घेतली आणि मग तुमच्या नावाचे ते सगळे लोक तुमच्या नावाच्या हाका मारत स्थानकभर पांगले. गुडघे विसरून, काठ्या विसरून. बाकांखाली बघितलं, गाड्यांत बघितलं, दादा तर टपावर चढले.

पोरगा उपाहारगृहाच्या मागे, उलट्या क्रेटवर बसून बिस्किटं खात होता. शेजारी उपाहारगृहवाल्याचा नातू. दादांनी हाक मारली आणि काका, तो वळला. वय सात. बाईंनी त्याला कवटाळलं, मग मला, मग चुकून पोस्टमनला. नाव कसं ठेवलं विचारलं तर नवरा सांगू लागला की त्यांच्या पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात तुमच्या नावाचा गृहस्थ बाजारात जातो आणि छत्री विसरतो. पोरगा जन्मला इथेच, वाढणारही इथेच, तेव्हा त्याला परकं वाटू नये म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. आता शाळेत पोरं त्याला विचारतात की हे कुठल्या देशाचं नाव! आणि नातवाचं नाव काय निघालं सांगू? या जोडप्याच्या देशात, त्यांच्या पहिल्या धड्यात, त्यांच्या बँकेच्या नमुना अर्जात जे असतं ना, तेच. उपाहारगृहवाला अभिमानानं म्हणाला की नवीन आहे, अगदी आजकालचं. परदेशी गृहस्थ म्हणाला की आमच्याकडे हे आता फक्त पणजोबांचं आणि नांगराच्या घोड्याचं असतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. पोरगा इथलाच, दहाच्या आतला, हाक मारली की वळणारा. तिनं सुजलेले पाय स्टुलावर ठेवले. मग म्हणाली की त्या पोराचा केसपेपर तिच्या हातात एकदा आला होता, पण नाव बघून तिला वाटलं कारकुनानं आजोबांचं लिहिलंय, आणि तिनं आईचंच नाव पुकारलं होतं. शब्द म्हणजे शब्द, ती हरली. बाळाला तुमचंच नाव. अभिनंदन, काका. म्हातारे आता दर रविवारी उपाहारगृहात जमतात, साहेबही असतात, आणि तुम्हाला न विचारता तुम्हाला उपाध्यक्ष केलंय.

काकूंना नमस्कार, आणि तुमच्या खोकल्याला माझ्यातर्फे रजा.

तुमचा पुतण्या

ता. क. हिची बारीकशी अट आहे, ती वर लिहायची राहिली. तुमची दिव्यांची पाटी हिनं पाहिली आहे, हे मी म्हटलंच. तिच्यावर तुमचं नाव नसून भलतंच परदेशी नाव आहे, आणि गिऱ्हाइकं तुम्हाला त्याच नावानं मिस्टर म्हणून हाक मारतात नि तुम्ही वळता, असं हिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ही म्हणते, जे नाव काकांना दुकानावर नको ते माझ्या बाळाला जन्मभर का? तेव्हा पाटी बदलावी ही हात जोडून विनंती. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

ता. क. २. घाई करावी. तुमच्या नावाचा खराखुरा माणूस कोट शिवतो, हे त्या परदेशी जोडप्याला मी उत्साहाच्या भरात सांगून बसलोय. ते येत्या रविवारी मुलाला घेऊन तुमच्याकडे येतायत. पाटीवरचं नाव त्यांच्याच देशाचं आहे, नांगराच्या घोड्याचं म्हणाले तेच. पाटी दिसली तर ते तुमच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागतील.

ता. क. ३. काका, नमस्कार. हे अक्षर माझं. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, टूथपेस्टसकट. फक्त मुलगी झाली तर काय, हे तुम्हा दोघांच्याही डोक्यात आलेलं नाही. माझ्या आलंय. मुलगी झाली तर तिला काकूंचं नाव ठेवायचं मी ठरवलंय. यांना विचारलं, काकूंचं नाव काय? म्हणाले, काकू. मग सासूबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, जाऊबाई. तुम्हाला ठाऊक असेलच, तेवढं कळवा. आणि कळवण्याआधी घरात एकदा त्या नावानं हाक मारून बघा, वळतात का.