किल्टखाली कुठले मोजे?

शनिवार, संध्याकाळ. दिवाळे गाव.

आठ दिवस वही उघडली नाही. कारण काही नाही, आळस. आज मात्र मोज्यांनी डोकं खाल्लंय. उद्या तायडीचं लग्न. स्कॉटलंडच्या भावोजींनी कानपिळीचा मान म्हणून मला आधीच किल्ट दिलाय, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा. तोच घालून त्यांचा कान पिळायचा! पण खाली गुडघ्यापर्यंतचे मोजे कुठले? खारघरहून फुटबॉलचे तीन जोड आणलेत. काल पांढरे चढवले तर तायडी म्हणाली, "येड्या, बँडवाला दिसतोस. लोक सुपारी द्यायला येतील." मिळाली तर घेईनही, पण वाजवणार काय? लाल भडक वाटतात. गडद हिरवे बरे, चौकड्यांतलाच रंग. त्यात जरा भारदस्त दिसतो का? दिसायलाच हवं. सकाळी किल्ट बघून मामा रुसून गेला, "भाचा घागरा नेसनार, तर मी नाय येनार." मग तायडीला बोहल्यावर कोण नेणार? ती तोंड पाडून बसलीय. किल्ट ठेवून देऊ? भावोजींना काय वाटेल?

अरे, दारात मामा! कमरेला चौकड्यांचा कोळी रुमाल, गुडघे उघडे. पसरलेले मोजे बघून म्हणतो, "माझे पन चौकडेच हायत की रं! तू हिरवे मोजे घाल. मी असाच येनार, बिनमोज्यांचा."