पैलवान वहिनीच्या हाती

केडगाव,
९ फेब्रुवारी २००३

प्रिय भाग्यश्री,

सप्रेम जय भीम. पत्रात आधी 'कारण की' लिहायची पद्धत आहे, पण कारण मी शेवटी सांगणार. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आधीच कारण कळलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. तेव्हा आधी तुझ्या पैलवानाची खुशाली. पैलवान एकदम झकास आहे. काल वाण्याच्या तराजूवर घातला तर अकराशे ग्रॅम भरला. वाणी हसतो, "वहिनी, काय भावानं द्यायचा ह्यो?" म्हणतो. हसू दे मेल्याला. गिनिपिगाचं दुखणं तोंडावर दिसत नाही, आधी वजन उतरतं, हे तूच लिहून ठेवलंयस. म्हणून दर शनिवारी वजन करते आणि स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं लिहिते. तुझे दादा म्हणतात, माझ्या तापाची एवढी काळजी कधी घेतली नाहीस. मी म्हटलं, तुम्हाला बोलता येतं, त्या बिचाऱ्याला येत नाही.

तुझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं. तेवढ्यात तू माहेरी चारदा आलीस आणि एकदाही रात्रीची राहिली नाहीस. आई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनालासुद्धा संध्याकाळच्या एसटीनं शिरूरला परत गेलीस. लोकांना सांगतेस, मेडिकलच्या दुकानात सुट्टी मिळत नाही. बाई, दुकान माहीत आहे आणि तूही माहीत आहेस. तू माझ्यामुळं राहत नाहीस. मला तुला पुन्हा ह्या घरात राहिलेलं बघायचंय, आणि आज त्याचंच बोलायला बसलेय. आतापर्यंत आपण दोघींनी त्यावर नुसतं पांघरूण घातलं.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षीचा मे महिना. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मीरासाहेब मामांनी तुला दिलेली जोडी, पैलवान आणि चिमी, आणि चिमी पोटुशी. तू परीक्षेला दौंडला गेलेलीस. आई मला म्हणाल्या होत्या, उन्हाळा हाय तवर समद्याला ऊन दाखवून घे. गोधड्या झाल्या, डाळी झाल्या, स्लॅबवर कुरडया घातल्या. पिंजऱ्याला वास येत होता. मला वाटलं, ह्यांनाही जरा ऊन दाखवावं, वास जाईल, किडामुंगी मरेल. भांडगावला आमच्या घरी कोंबड्यांचं खुराडं असंच उन्हात ठेवायचे. पिंजरा कुरडयांशेजारी ठेवला आणि खाली चुलीवरचा चीक हाटायला आले. तासाभरानं वर गेले तर चिमी आडवी पडलेली. पैलवान धापा टाकत होता, तो ओल्या फडक्यात गुंडाळल्यावर वाचला. घामच येत नाही गं ह्या जिवांना, हे मला कुठं माहीत होतं?

पण माहीत नव्हतं, हे काही माझं मोठं पाप नाही. पाप पुढं झालं. तू आलीस, चिमीला ओच्यात घेऊन रडायला लागलीस, आणि मी काय म्हणाले? एका उंदरासाठी एवढं रडतात व्हय? नवी नवरी होते, घाबरले होते, सासू बघत होती, म्हणून जीभ सैल सोडली. भाग्यश्री, ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. तीन वर्षं हे वाक्य दाताखाली धरून बसले होते, आज टाकलं बाहेर.

मग तुझं लग्न ठरलं. शिरूरला एका खोलीचा संसार, म्हणून पैलवान तू आईंच्या हवाली केलास आणि जाताना भिंतीवर कागद चिकटवलास. वर मोठ्या अक्षरात 'आईसाठी'. आईंना अक्षरओळख नव्हती, म्हणजे वाचून कोण दाखवणार होतं? मीच ना! रोज सकाळी आई म्हणायच्या, वाच गं, आज काय घालायचं त्याला. मी वाचायची. ताजा लसूणघास, पेरूची फोड, कोथिंबीर. कांदा-बटाटा नको. भुसा कोरडा हवा. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा ओढलेली: पैलवानाला वहिनीच्या हातात देऊ नये. पहिल्या दिवशी ती ओळही मी खणखणीत वाचली. गाळली नाही. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पैलवानाला स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्या होत्या तोवर मी पिंजऱ्याला बोट लावलं नाही. तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही, एवढं तरी मान.

आई गेल्या आणि पैलवान माझ्या गळ्यात पडला. पडला तोही उपाशी. आईंच्या मांडीची सवय, त्यानं घासाला तोंड लावणं सोडलं. दोन दिवसांत पन्नास ग्रॅम उतरला. बाई, मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. तो एक दिवस उपाशी राहिला तर आतडी बंद पडतात, हेही तुझ्याच कागदावर. टोपलीत घालून दौंडला जनावरांच्या दवाखान्यात नेला. पुढं म्हैस, मागं दोन गाई, मध्ये मी टोपली घेऊन. डॉक्टर म्हणाले, हे कोणतं जनावर आणलंत बाई? पण माणूस चांगला. दात बघितले, पोट चाचपलं, म्हणाले दुखणं काही नाही, हिरव्या घासाचा रस पाजा. दर दोन तासांनी सुई काढलेल्या सिरिंजनं घास वाटून पाजला. त्याच दिवशी दवाखान्यातून सरळ मीरासाहेब मामांकडंही गेले होते. मामा म्हणाले, "भाभी, ह्यो कळपातला जीव हाय, एकटा न्हाई जगत." आणि त्यांनी एक पांढरी पोर दिली, तीन महिन्यांची. तिचं नाव मी ठकी ठेवलं. आठ दिवस शेजारी शेजारी पिंजऱ्यात, मग एकत्र. ठकीनं त्याच्या तोंडातली कोथिंबीर ओढली तशी पैलवानाची भूक परत आली. सगळ्या नवऱ्यांना हेच औषध लागू पडतं बघ.

आता माझा थाट ऐक. सोजराबाई शेळ्यांना लसूणघास कापते त्यातली एक पेंढी रोज आपली. तिच्या सायकलची घंटी वाजली की दोघं अशा शिट्ट्या मारतात की समोरचा अनिस रिक्षावाला वळून बघतो. वखारीतला भुसा आणते, चाळून, उन्हात वाळवून. भुसा वाळवते हं, त्यांना नाही! आवळ्याच्या दिवसांत आवळा, एरवी पेरू, नाहीतर सिमला मिरची. नखं महिन्याला मीच कापते. उन्हाळ्यासाठी जुनी कौलं धुऊन ठेवलीत, पाण्यात भिजवून आत ठेवायची म्हणजे गारव्याला त्यावर पसरतात, आणि पिंजऱ्यावर ओलं गोणपाट. गावात कुणाचा ससा आजारी पडला तरी लोक माझ्याकडं येतात. मी म्हणते, माझी गुरू शिरूरला असते.

आणि ठकीला दिवस गेले. मामांनी बजावलं, पोटाखाली हात घालून उचलायची नाही आणि बाळंतपणाआधी नवरोबाला वेगळं करायचं, कारण बाळंत झाल्या दिवशीच ह्यांना पुन्हा दिवस जातात. पैलवानाची रवानगी खोक्यात. चौदा जानेवारीला, मंगळवारी, भर दुपारी तिनं पहिलं बाळ दिलं, लगेच दुसरं. दोघांच्याही अंगावर केस, डोळे उघडे, तुरुतुरु चालायला तयार. ती त्यांना चाटत बसली आणि तिसरं आलं ते पिशवीसकट, निपचित. तिचं लक्षच नाही. तेव्हा भिंतीवरची ती शेवटची ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली, खोटं कशाला सांगू. पण वाट कुणाची बघायची? आईंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, नाकावरची पिशवी फाडली, तोंड पुसलं, पाठ चोळत राहिले. चोळतेय, चोळतेय, आणि ते माझ्या तळहातावर शिंकलं. भाग्यश्री, मी खाली बसून मोठ्यानं रडले. तुझे दादा धावत आले, त्यांना वाटलं मेलं. मी म्हटलं, जिवंत आहे, म्हणून रडतेय. एका उंदरासाठी एवढं रडतात, व्हय, रडतात.

आता कारण. परवा तुझ्या सासूबाईंचा, गिताबाईंचा, वाण्याकडं फोन आला होता. तुला सातवा लागला, तू आम्हाला कळवलंही नाहीस. त्या म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण पोरगी म्हणते माहेरी आता कोण हाय? आई नाही, हे खरं. त्यांची जागा मी घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. पण मी आहे ना. दवाखान्यात नाव घालून ठेवलंय, नर्सबाई ओळखीच्या आहेत. पुढची खोली चुना मारून घेतली. आईंचं राहिलेलं लुगडं दुपट्यांसाठी धुऊन ठेवलंय. आणि दर शनिवारी तुलाही तराजूवर बसवणार, दारामागं खडूनं लिहिणार, वाणी काय भाव सांगतो ते बघू. तुझा कागद अजून भिंतीवरच आहे, मी त्यातलं एक अक्षर खोडलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी तुझे दादा अनिसची रिक्षा घेऊन शिरूरला येतील. नाही म्हणायचं असेल तर त्यांना सांगू नकोस. इथं ये, त्या कागदासमोर उभी राहा आणि मला म्हण.

तुझीच,
राजश्री वहिनी