ठोकून न पाहिलेली ट्रंक

अण्णा,

काल भरल्या सभेत मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. बडा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता, धंद्यात यशस्वी कसं व्हावं यावर. माझ्याआधी कानपूरहून आणलेले एक सूटवाले वक्ते बोलले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि आपलं यश आत दिसतंय का ते बघायला सांगितलं. मी डोळे उघडेच ठेवले. पत्र्याच्या कामात डोळे मिटणाऱ्याची बोटं राहत नाहीत. मग माझी पाळी आली, आणि एका मुलीने उभं राहून विचारलं, "अंकलजी, शुरू में पापा ने साथ दिया था? क्या कहा था उन्होंने?" एवढी मुलं तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "पीठ पर हाथ रखा और बोले, जा बेटा, दुकान खोल." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तुमच्या वाट्याच्या होत्या, आणि फुकटच्या होत्या.

खरं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तपशिलात ढिलाई मला चालत नाही, आणि ही खोड तुमचीच. तुम्ही रेल्वेत गाड्या तपासायचात. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोकत जायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. तोच कान घेऊन तुम्ही घरी यायचात. आईची पोळी जाड झाली तर बोलायचात, चांगली झाली तर मुकाट्याने पुढची घ्यायचात. मॅट्रिकच्या सुट्टीत मी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आईची लग्नातली ट्रंक सगळी उकलून बसलो होतो. छिन्नीने रिवेट काढून पत्रे फरशीवर मांडले होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात.

"हे काय मांडलंयस?"

"कोपरा कसा बंद करतात ते बघतोय."

"नोकरदाराच्या घरात हा टीनवाला कुठून निपजला?"

आई चुलीपासून म्हणाली, "अहो, जोडेल तो परत."

"जोडेल ना! आज इथे जोडेल, उद्या मानिक चौकात रस्त्यावर बसून ठोकेल."

तुम्ही टोमणा मारलात. मी तो पत्ता समजून चालू लागलो. तुम्ही साहेबांच्या पाया पडून मला वर्कशॉपात चिकटवायचं ठरवलं होतं, आणि बोलावणं आलं त्या दिवशी मी घरातून निघून मानिक चौकात जिन्याखालची एक खोबण भाड्याने घेतली. शिकवायला कोणी नव्हतं. टीनवाल्यांच्या गल्लीत परक्याला कोण हात दाखवतो? जुन्या ट्रंका भंगारातून आणायच्या, उकलायच्या, पुन्हा जोडायच्या, असं करत शिकलो.

आणि मग तुम्ही येता. अंगावर खाकी कोट, बुटांना रुळांमधली काळी धूळ. माझी पहिली पूर्ण ट्रंक पुढे ठेवली आहे, निळा रंग नुकता वाळलेला. तुम्ही वाकता, कान जवळ नेता आणि बोटाच्या पेराने तिचे चारही कोपरे ठोकता. मीही कान देऊन उभा. पण समोरचा ठठेरा त्याच वेळी पितळी परात बडवतो आहे, मला काही ऐकू येत नाही. तुम्ही सरळ होता, लोट्याने पाणी पिता आणि निघता. एक अक्षर नाही. कोपऱ्यावरचा पानवाला विचारतो, "बाबूजी, लड़के की दुकान है?" परात तोवर थांबलेली, तुमचं उत्तर मात्र मला स्वच्छ ऐकू येतं. "अरे नहीं भैया, खाली बैठा है तो ठोक रहा है. रेल में लग जाएगा."

मुलांना हे सांगायला हवं होतं. मला पहाटे उठवणारी गोष्ट स्वप्नं वगैरे नव्हती, ते वाक्य होतं. छावणीतले फौजी बदली झाली की माझ्याच ट्रंका मागू लागले, रेल्वेचे गार्डसुद्धा. चाकांच्या बॅगा आल्या तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच जणांचे धंदे बसले, मी रातोरात कपाटांकडे वळलो. प्रत्येक वेळी मनात एकच: आता अण्णा काय म्हणतील? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही काकांच्या मुलाची ओळख "हा रेल्वेत अकाउंट्सला" अशी करून द्यायचात, आणि माझी, "हा आमचा धाकटा". एवढीच. धाकटा काय करतो, ते कधीच नाही. मोठा कारखाना उभा राहण्याआधी तुम्ही गेलात. कानपूरवाले म्हणाले, यश मिळालं की समाधान आपोआप येतं. त्यांना बहुतेक कोणाला काही दाखवायचं नव्हतं. राग इंधन म्हणून उत्तम जळतो, पण गाडी पोचली तरी विझत नाही, आणि स्टेशनावर घ्यायला येणारा माणूस तर निघून गेलेला असतो.

कार्यक्रम संपल्यावर रेल्वेत तुमच्या हाताखाली मदतनीस असलेले एक म्हातारे खलाशी भेटले. नातवाबरोबर आले होते. हसून हसून खोकला लागला त्यांना. "बे और पीठ पै हाथ! काए भैया, काए झूठ बोलत?" मग गंभीर होऊन म्हणाले, "ठीक पहिया पै तुमाए बाप कछू नईं कत ते. आगे बढ़ जात ते. बोलत तो तबई ते, जब दरार होय."

चांगल्या चाकाला तुम्ही काही म्हणत नव्हता, बोलायचात ते तडा असला तरच. म्हणजे मी पास झालो होतो, असं समजायचं का? आणि इतकी वर्षं मला ते कळलं नाही, ही माझीच चूक? नाही अण्णा. चाकाला बाप लागत नाही. मला लागत होता. आणि पानवाल्याशी तर तुम्ही बोललातच की, तिथे कुठला तडा दिसला होता?

ती निळी ट्रंक मी विकली नाही. कारखान्यात माझ्या खोलीत आहे. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कपाटाचे कोपरे मी स्वतः ठोकून ऐकतो, कारागीर पाठीमागे "मालिक का कान" म्हणून हसतात. पण या एका ट्रंकेला मी आजवर ठोकायला बोट लावलेलं नाही. आज सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधी तिच्यापुढे वाकलो. ठठेरा नाही, मशीन नाही, सगळं शांत. पेर उचललं. ती बद्द वाजली तर तुम्ही काय ऐकून गप्प राहिलात ते कळेल, आणि खणखणीत वाजली तर त्याहून वाईट, म्हणजे ते ऐकूनही तुम्ही तसेच निघून गेलात. मी हात परत खिशात घातला.

हे कागद तिच्यातच ठेवतो आहे. झाकण दोन्ही हातांनी धरून हळू टेकवणार आहे, आवाज होऊ नये म्हणून.