बाबांचा अंगठा

सॉल्ट लेक, रविवार संध्याकाळ

बाबांनी आणि मी किटमधून जोडलेलं रिमोटवरचं छोटं विमान आज उडालं. बाबांचा अंगठा हल्ली थरथरतो. ती थरथर विमानापर्यंत पोहोचू नये म्हणून मी रिमोटवरच्या, अंगठ्याने हलवायच्या स्टिकचा परिणाम गुपचूप निम्मा करून ठेवला होता.

"सुस्त का गं वळतंय?" बाबांनी मैदानात विचारलं.

"वारा आहे." पान हलत नव्हतं.

विमान उतरवताना त्यांनी त्याचं नाक वर करायला स्टिक ओढली, पण निम्म्या परिणामात ते उचललंच नाही. विमान जमिनीवर आपटून पंख मोडला. बाबा अंगठ्याकडे बघत राहिले. "याचंच काम. यापुढे तूच उडव."

तेव्हा तरी सांगायचं. का नाही सांगितलं? मी तुकडे गोळा करत बसले.

घरी आल्यावर रिमोट त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. सेटिंग अजून निम्म्यावरच आहे.