काकाजी, सिनेमा तुमच्यापाशी अडलाय

इंदूर, डिसेंबर ९३

आदरणीय भाऊराव काकाजींना ज्ञानदीपचा वाकून जय भीम.

नागपुरात तुम्ही, संबोधीताई, जावईबापू आणि ज्याच्या नामकरणाला तुम्ही दोन दिवसांसाठी म्हणून गेला होतात तो बाळराजा, सगळे मजेत असाल. (बाळ आता बसायला लागलं असेल.) इकडे आम्हीही ठीक. काकू बरी आहे, म्हणजे विचारलं की बरी म्हणते. पत्राला उशीर झाला त्याची माफी असावी. पोस्टात निघालो होतो, वाटेत महूच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "बैठना है क्या भिया?" आता कोणी इतक्या प्रेमानं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? महूला उतरायचं राहून गेलं आणि डोळे उघडले तर समोर नर्मदा. तिच्यात पाय सोडून बसलो की माणसाला आपण कशाला निघालो होतो ते आठवत नाही. ते जाऊ द्या.

मुद्दा आपल्या सिनेमाचा. तो बिघडला, आणि खरं सांगू का, दोष तुमचा आहे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलच्या झांकीच्या गाडीवर नकला करायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत. (घरात गणपती नाही, पण मिलची गाडी ती मिलची, हेही तुमचंच म्हणणं.) गाडी थांबली की तीन मिनिटांची नक्कल. गाडी सरकली की समोर नवी पब्लिक, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, म्हणून प्रत्येक वाक्य एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवट आपण कधी बसवलाच नाही. गाडी ढकलली गेली की तोच शेवट. आता अशा मंडळींनी अडीच तासांचा सिनेमा काढायचा म्हणजे काय होणार? बेटम्याच्या त्या शेतात आपली हिरॉइन मैत्री हिनं हीरोला, म्हणजे मानसला, "मी तुझीच आहे" म्हटलं ते फार सुंदर, पण लगेच उजवीकडे वळून तितक्याच जीव लावून तेच एका म्हशीला सांगितलं. आणि तीन मिनिटं झाली की कोणी न सांगता सगळे आपापल्या पहिल्या जागी जाऊन उभे. मेलेला सावकारसुद्धा उठून कपडे झटकायचा. त्यात कॅमेरा अच्युतचा, म्हणजे लग्नांचा. मारामारी चालू असताना तो ओरडायचा, "थोडं हसा, इकडे बघा!" आणि मारणारे हसायचे.

पण गोष्ट तुमची होती आणि ती मला अजून स्वप्नासारखी दिसते. मिलचा भोंगा बंद पडतो, म्हणून गावाला सकाळ झालेली कळतच नाही आणि सगळे झोपून राहतात. तुम्ही सगळ्यांत गाढ झोपलेले, तुम्ही उठलात की गाव उठणार. गहू कापलेल्या शेतात तुमची खाट, बांधावरच्या शेवरीचा कापूस उडून तुमच्या चादरीवर पडतोय, जणू मिलचं साचे खातं, माग आणि उडती रुई घेऊन, छप्पर सोडून तिथं येऊन बसलंय. अच्युतनंसुद्धा तेव्हा तोंड बंद ठेवलं होतं. मला तर वाटतं, हे नाटक नव्हतंच. खरोखरच भोंगा थांबल्यापासून आपल्या मोहल्ल्यात सकाळ अशी हळूच, चोरपावलांनी येते, आणि माणसं ओट्यावर बसून राहतात, उठायचं कशासाठी ते कोणी सांगावं म्हणून.

मग काकूच्या भावानं पीथमपूरच्या नव्या कारखान्याच्या गेटवर नोकरी आणली. तुम्ही म्हणालात, साच्यावर हात चालवलेला माणूस मोटारींना सलाम ठोकणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी नामकरणाचं निमित्त करून नागपूरच्या गाडीत. तुमच्या जागी आम्ही मानसला चादरीखाली घातलं. (हीरो तोच, झोपलेला तोच. स्वतःला उठवायला स्वतःच येतो, पण पब्लिक समजून घेईल असं वाटलं.) तो खरंच झोपला आणि घोरला. पण उठवायचा प्रसंग त्याच्याकडून होईना. चादर बाजूला केली की खाली भलताच माणूस, यावर गाव कसं उठणार?

तरी परवा रविवारी दुपारी राजेंद्र नगरात अच्युतच्या अंगणात, टेबलावर टीव्ही ठेवून, जेवढा झाला तेवढा दाखवला. मिलचे झाडून सगळे आले. पहिली तीन मिनिटं अशी हसली मंडळी की खुर्च्या हलल्या. आणि मग काकाजी, सगळ्यांनी एकदम माना डावीकडे वळवल्या. पुढची झांकी यायची वाट बघत होते! इतक्या वर्षांची सवय. डावीकडे अच्युतच्या बायकोचे वाळत घातलेले पापड होते. लोकांनी तेही थोडा वेळ बघितले.

नंतर तुमची खाट आली. हसणं थांबलं. मागून अप्पासाहेब जॉबर ओरडले, "ए भाऊराव, उठ रे बाबा, दिवस डोक्यावर आला!" दोघं-तिघं हसले. पुढच्या रांगेत काकू होती. ती उठली, टीव्हीजवळ गेली, काचेवर बोट ठेवून म्हणाली, "पाय उघडे राहिलेत ह्यांचे." आणि जागेवर येऊन बसली. सिनेमा तिथेच संपला, म्हणजे कॅसेट पुढे कोरी होती.

तेव्हा विनंती एवढीच की शेवटच्या प्रसंगासाठी या. डोळे उघडायचे आणि उठून बसायचं, संवाद एकही नाही. बाकी सगळं मी सांभाळतो. ताईला जय भीम, बाळाला पापा.

तुमचा,
ज्ञानदीप

ता. क. : खोटं कशाला बोलू. अच्युतनं आपल्या कॅसेटवर कालच धारचं एक लग्न भरलं. तुमच्या खाटेच्या जागी आता वरात आहे. सिनेमा उरलेला नाही, त्यामुळे शेवटही करायचा नाही. तरी या.

आणखी ता. क. : पीथमपूरच्या नोकरीचं आता तुम्हाला कोणी म्हणणार नाही. त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये काकू लागली आहे, सकाळच्या बसनं जाते. हे तुम्हाला कळवू नको म्हणून तिनं मला शपथ घातलीय. चावी शेजारच्या शारदाताईंकडे असते. दिवसभर घरात कोणी नसतं, त्यामुळे आलात तर आल्याआल्या कोणी काही विचारणार नाही.